ऑपरेशन, कम्फर्ट केअर आणि ‘छुट्टी’

नवजात बाळाच्या हृदयात मोठा दोष निघाला की आईवडिलांपुढे दोन रस्ते असतात, असं वैद्यकीय नीतिशास्त्र सांगतं. एक ऑपरेशनचा. दुसरा कम्फर्ट केअरचा, म्हणजे ऑपरेशन न करता बाळाचा त्रास कमीत कमी ठेवायचा आणि जेवढं आयुष्य आहे तेवढं त्याला आईजवळ राहू द्यायचं. आमच्या इंदूरमध्ये तिसराही एक रस्ता आहे आणि तो चांगलाच वापरातला आहे. घरचं कुणीतरी, बहुधा काका किंवा आजोबा, छापील कागदावर सही करतात की आम्ही आपल्या जबाबदारीवर पेशंटला नेत आहोत. सलाईन काढली जाते आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ रिक्षातून घरी येतं. दवाखान्याच्या भाषेत याला ‘लामा’ म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेली छुट्टी. त्यात ऑपरेशन नसतं आणि आरामही नसतो. श्वास लागला तर काय द्यायचं, दूध पाजायचं की नाही, रात्री कुणाला फोन करायचा, यातलं काही कुणी सांगितलेलं नसतं.

पहिल्या दोन रस्त्यांमधली निवड कशी करतात ते इथे समजावून सांगायचं आहे, पण तिसऱ्यावर नजर ठेवूनच. माझं मत आधीच सांगून टाकते. काही दोषांत ऑपरेशन नाकारणं चूक आहे, काही दोषांत ऑपरेशनचा आग्रह धरणं चूक आहे, आणि मधल्या थोड्या दोषांत दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. ‘लामा’ यातल्या कुठेच बसत नाही.

काल तर दूध पीत होतं

दर १००० जन्मांमागे ८ ते ९ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यांतले बरेचसे किरकोळ असतात, कित्येक छिद्रं आपोआप बुजतात. भारतात दरवर्षी असा दोष असलेली दोन लाखांहून जास्त बाळं जन्मतात आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात, असा बालहृदयरोगतज्ज्ञांचा अंदाज आहे.

हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. उजवा पंप अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, डावा शुद्ध रक्त अंगभर. पोटात असताना बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, म्हणून त्यांना वळसा घालणारी एक छोटी नळी निसर्गानं ठेवलेली असते. तिचं नाव डक्टस आर्टेरिओसस. जन्मानंतर काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत ती मिटत जाते. निरोगी बाळाचं त्यावाचून काही अडत नाही. पण डावा पंप खुरटलेला असेल, तर अंगभर रक्त जायला तेवढीच वाट असते. ती अरुंद होऊ लागली की बाळ दूध सोडतं, धापा टाकतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते.

म्हणून ही बातमी घरावर अचानक कोसळते. जन्मल्याबरोबर बाळ रडलेलं असतं, वजन चांगलं असतं, नर्सिंग होममधून घरी यायची तयारी झालेली असते आणि तिसऱ्या दिवशी सगळं उलटं होतं. “काल तर दूध पीत होतं” हे वाक्य म्हणूनच प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते खरंच असतं. डॉक्टरांनी काही लपवलं, दायीनं काही केलं, असले संशय यातूनच निघतात.

यावर एक साधी चाचणी आहे. बाळ २४ तासांचं झालं की उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावायचा. दोन्हीकडे ऑक्सिजनचा आकडा ९५ टक्के किंवा वर असावा आणि दोहोंत ३ पेक्षा जास्त फरक नसावा. ९० च्या खाली असेल तर लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांचं काम. सगळे दोष यात पकडले जात नाहीत, विशेषतः महाधमनी, म्हणजे अंगभर रक्त नेणारी मुख्य धमनी, अरुंद असण्याचा दोष निसटू शकतो, पण चाचणी झाली का हे घरी निघण्याआधी विचारायलाच हवं.

दोष सापडला की पहिलं औषध बहुधा प्रोस्टाग्लँडिनचं असतं. ते नळी मिटू देत नाही. शिरेतून सतत थेंब थेंब द्यावं लागतं, ताप येऊ शकतो, बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, त्यामुळे नजर ठेवावी लागते. पण ते सुरू केलं म्हणजे ऑपरेशनला होकार दिला असं नाही. या औषधानं मिळतो तो वेळ, आणि तो विचार करण्यासाठी वापरायचा असतो. कुणी घाईनं “आत्ता सांगा, हो की नाही” म्हणत असेल तर शांतपणे विचारावं, ‘ड्रिप चालू आहे ना? मग पूर्ण इकोचा रिपोर्ट आणि सर्जनशी बोलणं होईपर्यंत थांबता येईल का?’ बहुतेक वेळा येतं.

कुठला दोष, यावर सगळं

नातेवाइकांपर्यंत निरोप पोहोचतो तो “हार्टमध्ये मोठा प्रॉब्लेम आहे” एवढाच, आणि निर्णय त्या एवढ्याशा वाक्यावर होतो. इथेच घोळ होतो. दोषाचं नाव कागदावर लिहून घ्यावं, कारण नावागणिक नीती बदलते.

हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते, असा एक दोष आहे. बाळ निळं पडतं, अवस्था भयंकर दिसते. पण या धमन्या आपापल्या जागी आणण्याचं ऑपरेशन ब्राझीलच्या अदीब जातेने यांनी १९७५ साली यशस्वी केलं आणि आज चांगल्या केंद्रांत ९५ टक्क्यांहून जास्त बाळं त्यातून वाचतात. बहुधा एकच मोठं ऑपरेशन, तेही पहिल्या काही आठवड्यांत. पुढे मूल शाळेत जातं, खेळतं, अधूनमधून तपासणी लागते. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या असणं किंवा महाधमनी अरुंद असणं, याही दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आहेत. अशा वेळी “तुम्ही ठरवा, दोन्ही पर्याय आहेत” म्हणणारा डॉक्टर मला तटस्थ वाटत नाही, जबाबदारी झटकणारा वाटतो. इथे त्यानं आग्रह धरायला हवा, पैशाची वाट दाखवायला हवी, आजीशी बोलायला हवं. बाळाचं हित इतकं स्पष्ट असताना आईवडिलांच्या नकाराला फारशी जागा उरत नाही.

दुसऱ्या टोकाला अशी बाळं असतात, ज्यांच्या हृदयासोबत मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला असतो, किंवा मूत्रपिंडं आणि यकृत बंद पडलेली असतात, किंवा गुणसूत्रांचा असा विकार असतो की हृदय दुरुस्त करूनही आयुष्य फारसं वाढत नाही. तिथे ऑपरेशन म्हणजे बाळाच्या वाट्याला आलेल्या थोड्या दिवसांत छाती उघडणं आणि व्हेंटिलेटर. मात्र या टोकाची हद्द सरकत असते. ट्रायसोमी १८ या विकारात पूर्वी ऑपरेशनचा विचारही कुणी करत नसे, आता काही केंद्रं निवडक मुलांत ते करतात.

डाउन सिंड्रोम हाही गुणसूत्रांचाच विकार, पण त्याला या टोकाला ढकलू नये, हे मुद्दाम सांगते. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो आणि त्यांतले बरेचसे दुरुस्त होतात. “तसंही ते मूल शिकणार नाही” या कारणानं ऑपरेशन टाळणं म्हणजे हृदयाचा निर्णय बुद्धीवर घेणं. १९८२ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला असं एक बाळ होतं. त्याला डाउन सिंड्रोम होता आणि अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. आईवडिलांनी ऑपरेशन नाकारलं, न्यायालयानं त्यांचा निर्णय उचलून धरला आणि बाळ काही दिवसांत गेलं. देशभर इतका गदारोळ झाला की १९८४ मध्ये कायद्यात बदल करावा लागला.

आता मधला भाग. त्याचं ठळक उदाहरण म्हणजे हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट सिंड्रोम. यात हृदयाचा डावा पंप, त्याच्या झडपा आणि महाधमनीची सुरुवात इतकी लहान असते की ती बाजू निकामीच धरावी लागते. साधारण चार-पाच हजार जन्मांत असं एक बाळ. १९८० च्या आसपासपर्यंत यावर काही उपाय नव्हता, बहुतेक बाळं पहिल्या काही आठवड्यांत जात. १९८३ साली बोस्टनच्या विल्यम नॉरवूड यांनी यशस्वी ऑपरेशनची हकीकत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून हा नैतिक प्रश्न उभा राहिला. त्याआधी निवड करण्यासारखं काही नव्हतंच.

या ऑपरेशननं डावा पंप तयार होत नाही. उजव्या पंपालाच अंगभर रक्त पाठवायच्या कामाला लावतात आणि फुप्फुसांकडे रक्त पंपाशिवाय, आपसूक वाहत जाईल अशी जोडणी करतात. हे तीन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा जन्मानंतर लगेच, दुसरा साधारण चार ते सहा महिन्यांचं असताना, तिसरा दोन ते चार वर्षांचं असताना. पहिला टप्पा सर्वांत जोखमीचा. उत्तर अमेरिकेतल्या १५ केंद्रांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या टप्प्याच्या दोन पद्धतींची तुलना होती. वर्षभरानंतर हृदय-प्रत्यारोपणाशिवाय जिवंत असलेली मुलं एका पद्धतीत ६४ टक्के आणि दुसरीत ७४ टक्के निघाली. म्हणजे उत्तम सोयी असलेल्या ठिकाणीही तीन-चार बाळांमागे एक वर्षाच्या आत हातचं गेलं होतं किंवा त्याला दुसरं हृदय बसवावं लागलं होतं.

जी वाचतात त्यांची कहाणी तिथे संपत नाही. पंपाशिवाय चालणाऱ्या त्या रक्तप्रवाहाचा ताण वर्षानुवर्षं यकृतावर येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, काहींच्या आतड्यांतून प्रथिनं वाहून जातात, काहींना शिकताना अडचणी येतात, आणि पुढे कधीतरी प्रत्यारोपणाचा विषय निघू शकतो. हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, नकोच. पण या मुलांपैकी कित्येक आज मोठी झालेली आहेत, कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात. त्यांना स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारलं की पुष्कळदा ती ते आईवडिलांच्या अंदाजापेक्षा बरं असल्याचं सांगतात. म्हणून ‘असं जगण्यात काय अर्थ’ हे वाक्य बाहेरून म्हणणं सोपं आहे आणि धोक्याचंही.

या दोषात जाणकार डॉक्टरही एकमतानं बोलत नाहीत. स्वतःच्या बाळाला असं झालं तर काय कराल, असं डॉक्टरांना विचारलेल्या पाहण्यांतही उत्तरं विभागलेली निघाली. इतकी विभागणी असेल तर आईवडिलांवर एकच उत्तर लादता येत नाही. त्यांना दोन्ही पर्याय सारख्या मोकळेपणानं सांगावे लागतात, त्यांपैकी एक हळू आवाजात सांगून चालत नाही.

पर्याय अर्धवट सांगितले की काय होतं याचं गाजलेलं उदाहरण याच दोषातलं आहे. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे डॉ. लिओनार्ड बेली यांनी ‘बेबी फे’ या टोपणनावानं ओळखल्या गेलेल्या मुलीला बबून माकडाचं हृदय बसवलं. ती सुमारे तीन आठवडे जगली. नंतरच्या टीकेचा रोख माकडाच्या हृदयावर होता तसाच सहमतीपत्रावरही होता. माणसाचं हृदय मिळतं का ते शोधण्याची शक्यता त्यात नव्हती आणि फायदा मात्र वाढवून मांडला होता.

आपल्याकडचा हिशोब

अमेरिकेतला ७४ हा आकडा इंदूरच्या बाळाला लागू होत नाही. नॉरवूडचं ऑपरेशन नियमितपणे करणारी केंद्रं देशातच मोजकी आहेत. सर्जनला तोंडावर विचारावं, ‘तुमच्याकडे अशी किती ऑपरेशनं होतात आणि किती बाळं घरी गेली?’ यात अपमान काही नाही. चांगला सर्जन उत्तर देतो.

मग प्रवास. इंदूरहून अहमदाबाद साधारण ४०० किलोमीटर, मुंबई ६०० च्या आसपास. बाळाला व्हेंटिलेटरच्या अँब्युलन्समधून, ड्रिप चालू ठेवून न्यायचं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधले महिने घरचे, आणि तेच फार नाजूक. रोज वजन, रोज ऑक्सिमीटर, साधी सर्दी-जुलाब झाले तरी धावपळ. राजेंद्रनगरातल्या दोन खोल्यांत, नवरा दुकानावर आणि सासू गुडघ्यांनी बेजार असताना, हे सगळं कोण करणार हा प्रश्न वैद्यकीय नसला तरी निर्णयातून वगळता येत नाही. मोठं भावंड असेल तर त्याचाही वाटा यात जातो.

पैशाबद्दल बोलायला लोक ओशाळतात. ओशाळू नये, कारण पैसा निर्णयात असतोच, फक्त तो दुसऱ्या कारणांच्या आड लपतो. दुरुस्त होणारा दोष असेल तर आधी योजनांचं बघावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि त्यात जन्मजात हृदयदोष येतो. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नवा रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांची हृदयाची ऑपरेशनं विनामूल्य होतात. हे पाच मिनिटांत सांगता येण्यासारखं असताना न सांगितल्यामुळे बाळ घरी गेलं, तर तो आईवडिलांनी घेतलेला निर्णय म्हणता येणार नाही.

आणि मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न घरातल्या कुणीतरी मोठ्यानं विचारावा. हेच मुलगा असता तर? दिल्लीच्या एम्समधून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑपरेशनचा सल्ला मिळूनही मुलींची ऑपरेशनं मुलग्यांपेक्षा बरीच कमी झाल्याचं दिसलं होतं. ‘बाळाचं हित’ म्हणताना कुठल्या बाळाचं, हे तपासून घ्यायला हवं.

निर्णय कोण घेतं हेही बघण्यासारखं आहे. आई सिझेरियनचे टाके घेऊन एका नर्सिंग होममध्ये, बाळ दुसऱ्याच दवाखान्यात. आयसीयूबाहेर डॉक्टर हिंदीत बोलतात, काका ते मराठीत फोनवर घरी सांगतात, आणि दर खेपेला थोडं काही गळतं. “ती ओली बाळंतीण आहे, तिला आत्ता काही सांगू नका,” असं आजी म्हणते. मायेनंच म्हणते. पण नंतर आईला कळतं की आपल्या बाळाचं सगळं आपल्यावाचून ठरलं, आणि ते ती विसरत नाही. तिला व्हीलचेअरवर आणावं, नाहीच जमलं तर व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांसमोर बसवावं. तिची संमती आधी, घराण्यातल्या बाकीच्यांची नंतर.

कायद्याची भीती डॉक्टरांच्या मनातही असते, आणि ‘लामा’चा कागद पुढे सरकतो तो पुष्कळदा त्यामुळेच. त्या सहीनं दवाखाना सुटतो. इच्छामरणासाठी इंजेक्शन देणं भारतात बेकायदाच आहे. पण फायदा नसलेले उपचार न देणं किंवा थांबवणं ही वेगळी गोष्ट आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या अरुणा शानभाग प्रकरणात आणि मग २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालात मान्य केलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली. डॉक्टरांची दोन मंडळं आणि जवळच्या नातलगांची संमती. हे निकाल मुख्यतः मोठ्या माणसांना समोर ठेवून आहेत, बाळ काही इच्छापत्र लिहू शकत नाही. तरी निर्णयाची नीट नोंद करून, दोन-तीन डॉक्टरांनी मिळून, आईवडिलांच्या संमतीनं पुढे जाण्याची वाट त्यातून दिसते. सल्ल्याविरुद्ध नेण्याची सही करून घेण्यापेक्षा ती प्रामाणिक आहे.

आराम म्हणजे नेमकं काय

कम्फर्ट केअर म्हणजे काहीच न करणं, असा समज आहे. प्रत्यक्षात तिथे पुष्कळ काही करावं लागतं. ड्रिप थांबवतात, रक्त काढणं थांबवतात, नळ्या निघतात. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवतात, वर पांघरूण. ओढेल तितकं दूध, नाहीतर ओठांवर थेंब. श्वासाची तगमग कमी करायला मॉर्फिनचा अगदी लहान डोस तोंडावाटे किंवा जिभेखाली देता येतो. तो मारण्यासाठी नसतो, आणि घरातल्या मंडळींना हे आधीच समजावलेलं बरं. “निदान ऑक्सिजन तरी लावा,” असा नातेवाइकांचा हट्ट असतो. डावा पंप नसलेल्या बाळात ऑक्सिजन जास्त झाला तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि शरीराच्या वाट्याचं रक्त तिकडे ओढलं जातं. म्हणून डॉक्टर तो देत नसतील तर तो निष्काळजीपणा नसतो.

आजीआजोबांना आत येऊ द्यावं. बाराव्या दिवसाची वाट न बघता खाटेपाशीच नाव ठेवावं, आत्यानं कानात सांगावं. घरी न्यायचं असेल तर तेही होतं, पण औषध, त्याचं माप आणि रात्रीबेरात्री उचलला जाईल असा फोन नंबर बरोबर हवा. काही बाळं काही तासांत जातात, काही दिवसांनी, क्वचित आठवड्यांनी. बहुतेक हिंदू घरांत इतक्या लहान बाळाला दहन न करता पुरतात. त्याची जागा, मृत्यूचा दाखला, ही चौकशी कुणीतरी आधी करून ठेवावी, ती वेळ आल्यावर बापाला रांगेत उभं राहावं लागू नये.

एक गोष्ट जवळजवळ कुणीच सांगत नाही. बाळ गेल्यावरही आईला दूध येतं. छाती भरते, दुखते, गाठी होतात, ताप येतो. गार पट्ट्या, आधार देणारे कपडे, दुखण्यावर गोळी, आणि फारच भरलं तर थोडंसंच काढून टाकणं. सगळं पिळून काढलं तर आणखी तयार होतं. घरात या विषयावर बोलायची लाज वाटते म्हणून ती बिचारी एकटीच सोसते. हे सांगणं नर्सचं काम आहे, आणि ते छुट्टीच्या आधी व्हायला हवं.

निर्णय एकदाच घ्यायचा असतो असंही नाही. पहिल्या टप्प्यानंतर बाळाचा मेंदू किंवा मूत्रपिंडं फार खराब झाली, तर पुढचे टप्पे नाकारता येतात. उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेले थांबवणं यांत नीतिशास्त्राच्या दृष्टीनं फरक नाही, असं बहुतेक जाणकार मानतात. आईवडिलांना मात्र थांबवणं फार जड जातं, म्हणून सर्जनशी पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं की कुठल्या टप्प्यावर तुम्ही स्वतः ‘आता पुरे’ म्हणाल.

ज्या घरात असं बाळ होऊन गेलं, तिथे पुढच्या गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, फीटल इको, करून घ्यावी. डाव्या बाजूचे दोष घराण्यात चालू शकतात, म्हणून आईवडिलांनी आणि मोठ्या भावंडानं आपलाही साधा इको करावा. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असण्याचा सौम्य दोष कधीकधी असाच सापडतो. दोष आधी कळला तर बाळंतपण हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या शहरातच ठरवता येतं. आणि गर्भात मोठी विकृती असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं, तर २०२१ च्या कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची परवानगी मिळू शकते. कुठली वाट धरायची हे तेव्हाही सोपं नसतं, पण विचार करायला काही आठवडे मिळतात.